पाखरांचा होका

आपल्या घरांत दिशांचा मान मोठा असतो. देवांचे तोंड कुठे असावे, निजताना डोके कुठे नसावे, पानावर बसताना कोणत्या दिशेकडे पाठ करावी, हे नियम आपल्याला अक्षरओळखीच्याही आधी कळतात. वर्षभर ज्या दक्षिणेला आपण टाळतो, तिच्याकडेच धनत्रयोदशीच्या संध्याकाळी मुद्दाम वळतो. कणकेचा दिवा करून त्याची वात दक्षिणेकडे ठेवतो आणि यमराजाला नमस्कार करतो. उत्तरेकडे डोके करून झोपू नये, हा नियम तर माझ्या आईने जन्मभर पाळला. हल्ली या नियमाला पृथ्वीच्या चुंबकाचा आधार देण्याची फॅशन निघाली आहे. आईला चुंबक ठाऊक नव्हते. मेलेल्या माणसाचे पाय दक्षिणेकडे करतात, म्हणून जित्या माणसाने तसे निजू नये, एवढेच तिचे शास्त्र होते आणि ते तिला पुरत होते.

मौज अशी, की दिशांचा एवढा बडेजाव करणाऱ्या आपल्याला दिशा प्रत्यक्षात मुळीच कळत नाही. आपण ती उसनी घेतो. सूर्य उगवतो ती पूर्व. आमच्या गावापुरते बोलायचे तर समुद्र दिसतो ती पश्चिम. सूर्य, समुद्र, देवळाचा कळस, चौकातला पिंपळ अशा खुणांच्या आधारावर आपला सारा दिशांचा संसार चाललेला असतो. खात्री करून घ्यायची असेल, तर आंधळी कोशिंबीर खेळणाऱ्या पोराकडे पाहावे. डोळ्यांवर पट्टी बांधून तीन गिरक्या दिल्या, की ज्या अंगणात ते रांगले त्याच अंगणात ते परके होते. हात पुढे करून चाचपडते, तुळशीवृंदावनावर आपटते आणि ओसरीकडे जायचे म्हणून गोठ्याकडे निघते.

मग मूठभर पाखरू रात्रीच्या अंधारात, ढगांनी आभाळ झाकलेले असताना, शेकडो कोसांची वाट कशी धरते? हा प्रश्न मला सुचलेला नाही. तो मला सातवीतल्या एका मुलीने विचारला.

मी अलिबाग तालुक्यातल्या एका समुद्रकाठच्या गावी मास्तर आहे. कादंबऱ्या लिहितो, पण गावात मला कादंबरीकार म्हणून कोणी ओळखत नाही. माझे स्वतःचे शिक्षण मॅट्रिकपाशी थांबल्यामुळे शास्त्राचा तर माझ्यावर कधीच संशय नव्हता. वर्गातली बहुतेक मुले कोळ्यांची. पाऊस ओसरला की शाळेच्या आवारात परीट येतात. लांब शेपटी सारखी खालीवर हलवीत ओल्या मातीतले किडे टिपणारे हे पाखरू तुम्हीही पाहिले असेल. खाजणात चिखल्या आणि तुतवार उतरतात, किनाऱ्यावर कुरव दिसू लागतात. सहा वर्षांपूर्वी अशाच एका सकाळी मी वर्गाला सांगत होतो, की ही पाहुणी मंडळी हिमालयाकडून आणि त्याच्याही पलीकडून येतात, आणि त्यांतली कितीतरी रात्रीचा प्रवास करतात. तेवढ्यात मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचे आजोबा म्हणजे गावातले जुने तांडेल. दर्यावर त्यांचा शब्द शेवटचा. तिने विचारले, "गुरुजी, आमच्या आजोबांच्या होडीवर होका असतो. मग पाखरांचा होका कुठे असतो?"

होका म्हणजे होकायंत्र. सारा वर्ग हसला. मला हसू आले नाही. कालिदासाने मेघदूतात राजहंसांना मेघाच्या सोबतीने पार कैलासापर्यंत पाठवले, पण त्यांना वाट कशी कळते हे यक्षाने मेघाला सांगितल्याचे मला आठवेना. 'उपजत बुद्धी' असे उत्तर देऊन मोकळे होता आले असते. पण 'उपजत' हा शब्द मला नेहमी दारावरच्या कुलपासारखा वाटतो. दार बंद आहे एवढेच तो सांगतो. आत काय आहे ते सांगत नाही. मी तिला म्हटले, "शोधून सांगतो."

पदार्थविज्ञान शिकवणारे माझे एक स्नेही आहेत. त्यांच्या ओटीवर मी पुढे कितीतरी रविवार घालवले. त्यांनी मला समजावले आणि मी वर्गाला समजावले. मधल्या वाटेत थोडे शास्त्र सांडले असेल, पण गोष्ट मात्र शाबूत आहे.

ही गोष्ट सुरू होते जर्मनीत, रॉबिन नावाच्या एका पाखरापासून. शेंदरी छातीचे, वीसएक ग्रॅम वजनाचे हे पाखरू युरोपातल्या बागांतून घरच्यासारखे वावरते. आपल्याकडच्या दयाळाला आणि चीरकाला साहेबांनी रॉबिनचे नाव दिले, ते या घरच्या पाखराच्या आठवणीने. स्वीडनसारख्या थंड मुलखातले रॉबिन शरद ऋतू आला की नैऋत्येकडे निघतात आणि स्पेनच्या बाजूला हिवाळा काढतात. निघतात ते रात्री, आणि तेही एकेकटे. त्याच वर्षी जन्मलेले पिल्लूसुद्धा आपला पहिला प्रवास आईबापांवाचून करते. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही, खाली काळोख.

प्रवासाचे दिवस आले की पिंजऱ्यातल्या रॉबिनलाही चैन पडत नाही. रात्रभर ते पंख फडफडवीत उड्या मारीत राहते, आणि बाहेर असते तर जिकडे गेले असते त्याच बाजूला पुन्हा पुन्हा झेपावते. १९६०नंतरच्या दशकात फ्रँकफुर्टच्या विद्यापीठात फ्रिड्रिख मेर्केल आणि त्यांचे विद्यार्थी वोल्फगांग व्हिल्चको यांनी असे रॉबिन बंद खोलीत ठेवले. सूर्य नाही, तारे नाहीत, वारा नाही. तरीही पाखरांचा कल योग्य दिशेकडेच राहिला. मग त्यांनी पिंजऱ्याभोवती तारांची मोठी वेटोळी उभी केली आणि त्यांतून वीज सोडून खोलीपुरती पृथ्वीच्या चुंबकाची दिशा फिरवली. खोली तीच, पिंजरा तोच, दाणापाणी तेच. पण चुंबकाची उत्तर जिकडे वळवली, त्या हिशेबाने पाखरांनीही आपली दिशा वळवली.

पृथ्वीचे हे चुंबक किती दुबळे असते, ते ध्यानात घेतले पाहिजे. कपाटाच्या दाराला चिकटवायचे साधे चुंबकसुद्धा जवळून त्याच्या शंभर पट जोरदार भरते. ते आपल्या अंगातून रात्रंदिवस जात असते आणि आपल्याला त्याचा पत्ता नसतो.

१९७२ साली वोल्फगांग आणि त्यांच्या पत्नी रोझविता यांनी आणखी एक नवल दाखवून दिले. चुंबकाची सुई दोऱ्याला मधोमध टांगून अगदी मोकळी सोडली, तर ती नुसती उत्तर-दक्षिण राहत नाही, खाली झुकतेही. आपल्या देशाच्या दक्षिण टोकाजवळून जाणाऱ्या चुंबकीय विषुववृत्तावर ती आडवी राहते. जसजसे उत्तरेकडे जावे तसतसे तिचे टोक जमिनीकडे कलत जाते, आणि चुंबकीय ध्रुवावर ती उभी होते. फ्रँकफुर्टला ती सुमारे ६६ अंश झुकलेली असते. रॉबिन हा झुकाव वाचते. व्हिल्चको दांपत्याने नुसता झुकाव उलटा केला, तेव्हा पाखरांनी पाठ फिरवली. उत्तर-दक्षिण आणि झुकाव दोन्ही एकदम उलटे केले, तेव्हा माणसाच्या होक्याने उलटे टोक दाखवले असते. पाखरे मात्र जागची हलली नाहीत. म्हणजे उत्तर आणि दक्षिण ही आपली नावे त्यांना ठाऊकच नाहीत. त्यांना एवढेच कळते, की ही बाजू ध्रुवाकडची आणि ही विषुववृत्ताकडची. वसंतात एकीकडे जायचे, शरदात दुसरीकडे. एका पाखराला एवढी अक्कल पुष्कळ झाली.

पण मुलीचा प्रश्न होता, होका असतो कुठे?

चुंबक म्हटले की आधी लोखंडच आठवते. कबुतरांच्या वरच्या चोचीत लोहाचे कण असलेल्या पेशी सापडल्या, तेव्हा पुष्कळांना वाटले, हाच तो होका. बरीच वर्षे पुस्तकांतून तसे छापून येई. २०१२ साली व्हिएन्नातल्या संशोधकांनी त्या पेशी नीट तपासल्या, तेव्हा त्या निघाल्या शरीरातला केरकचरा गिळणाऱ्या पेशी. ज्याला आपण नावाडी म्हणून नमस्कार करीत होतो तो झाडूवाला निघाला, तसा प्रकार झाला. झाडूवाल्याचे काम काही कमी मोलाचे नाही. पण होका त्याच्याजवळ नव्हता.

दुसरी कल्पना त्याहून जुनी आणि त्याहून अचाट होती. १९७८ साली क्लाउस शुल्टेन या जर्मन शास्त्रज्ञाने आपल्या सहकाऱ्यांबरोबर असे सुचवले, की पाखरांचा होका लोखंडाचा नसून एखाद्या रासायनिक क्रियेचा असावा. एका नामांकित नियतकालिकाने ती कल्पना परत पाठवली. माझ्यासारख्या कादंबरीकाराला हे वाचून किती बरे वाटले म्हणून सांगू! 'साभार परत'चा शिक्का शास्त्रज्ञांच्या कपाळीही असतो तर! शुल्टेन यांनी ती दुसरीकडे छापली आणि ते वाट पाहत राहिले. २००० साली थॉर्स्टन रिट्झ आणि सालिह अ‍ॅडेम यांच्यासह त्यांनी त्या क्रियेला घरही शोधून दिले. ते घर म्हणजे पाखराचा डोळा.

डोळ्यात क्रिप्टोक्रोम नावाचे एक प्रथिन असते. त्यावर निळा उजेड पडला, की त्यातला एक इलेक्ट्रॉन आपली जागा सोडून शेजारी उडी मारतो, आणि दोन एकटे इलेक्ट्रॉन मागे राहतात. हे दोघेही इवलेसे चुंबकच. क्षणभर त्यांची फुगडी चालते. कधी दोघांचा फेर एका बाजूने, कधी परस्परांच्या उलट. ही फुगडी इतकी नाजूक असते, की पृथ्वीच्या दुबळ्या चुंबकाचा धक्काही तिचा ताल बदलायला पुरतो. ताल बदलला की त्या क्रियेतून निपजणारे द्रव्य कमीजास्त होते. बुबुळामागचा पडदा वाटीसारखा वळलेला असल्यामुळे निरनिराळ्या जागची प्रथिने निरनिराळ्या कलाने बसलेली असतात. तेव्हा पाखराला समोरच्या दृश्यावरच एखादी फिकट-गडद सावली पसरलेली दिसत असेल, असा शास्त्रज्ञांचा तर्क आहे. मान वळवली की सावली सरकावी आणि दिशा कळावी.

तर्काला आधारही मिळत गेले. लाल उजेडात ठेवलेल्या रॉबिनना दिशा सापडत नाही, निळ्या-हिरव्या उजेडात सापडते, हे आधीच दिसून आले होते. २००९ साली ओल्डेनबुर्ग या जर्मन शहरातल्या संशोधकांनी पाहिले, की चोचीकडून मेंदूकडे जाणारी मज्जा तोडली तरी रॉबिनचा होका चालतो. पण मेंदूतला, रात्रीच्या दृष्टीशी जोडलेला एक छोटा भाग निकामी केला, की तो बंद पडतो. २०२१ साली ओल्डेनबुर्ग आणि ऑक्सफर्डच्या मंडळींनी रॉबिनचे हे प्रथिन प्रयोगशाळेत तयार केले. त्यावर चुंबकाचा परिणाम होतो असे त्यांना आढळले, आणि तो कोंबडीच्या आणि कबुतराच्या प्रथिनापेक्षा अधिक होतो असेही आढळले. ही दोन्ही पाखरे लांबची वाट न धरणारी. जित्या डोळ्यात ही फुगडी चाललेली अजून कोणी पाहिलेली नाही, म्हणून शास्त्रज्ञ शेवटचा शब्द उच्चारीत नाहीत. ही बातमी आली तेव्हा माझी ती विद्यार्थिनी पुढच्या शाळेत गेली होती. मी तिला वाटेत गाठून सांगितले, "तुझ्या प्रश्नाचे आजचे उत्तर असे आहे, की होका बहुधा डोळ्यांत असतो."

ती म्हणाली, "म्हणजे उजेड लागतो त्यांना?"

"लागतो. अगदी मंद, पण लागतो."

आता ओल्डेनबुर्गचीच एक हकीकत सांगितली पाहिजे, कारण माझ्या मनात घर करून राहिली आहे ती हीच. तेथल्या विद्यापीठाच्या आवारात हेन्रिक मॉरिट्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रॉबिनसाठी लाकडी खोपटी बांधली. फ्रँकफुर्टला जमले ते येथेही जमावे, अशी त्यांची साधी अपेक्षा. पण पाखरे भांबावली. जिकडेतिकडे उड्या मारीत, पण एक दिशा म्हणून धरीनात. वर्षामागून वर्षे गेली. पिंजरे बदलून पाहिले, उजेड बदलून पाहिला, दाणा बदलून पाहिला. शेवटी कोणाच्या तरी मनात आले, की खोपटी आतून अ‍ॅल्युमिनियमच्या पत्र्याने मढवावीत आणि पत्रे तारेने जमिनीशी जोडावेत. तसे केले मात्र, आणि पाखरांनी आपली दिशा धरली! पत्र्याची तार जमिनीपासून सोडवली की ती पुन्हा भांबावत; जोडली की सावरत. शहराबाहेरच्या मोकळ्या रानात नेली, तेव्हा पत्र्यावाचूनही त्यांचे सुरळीत चाले.

शहरातल्या विजेच्या उपकरणांतून जो सूक्ष्म विद्युत्-चुंबकीय गोंगाट अखंड चालू असतो, त्याने त्यांचा होका बिघडत होता. जुन्या रेडिओची मध्यम लहर ज्या टापूत येते, त्याच्या आसपासचा हा गोंगाट. मोबाईल फोन किंवा विजेच्या मोठ्या तारा यांचा टापू वेगळा, तेव्हा या प्रकरणी दोष त्यांचा नव्हता. माणसाला बाधण्याच्या मर्यादेपेक्षा हा गोंगाट कितीतरी क्षीण. पण तो पाखरांच्या डोळ्यांपुढची दिशा पुसून टाकीत होता. एकाच प्रयोगावर विसंबायचे नाही म्हणून या मंडळींनी कितीतरी हंगाम पुन्हा पुन्हा पडताळा पाहिला, आणि २०१४ साली मगच ही गोष्ट जाहीर केली.

हे वाचले तेव्हा मला आमच्या अलिबागची आठवण झाली. अलिबागला समुद्राजवळच चुंबकीय वेधशाळा आहे. तिची जन्मकथा फार कमी लोकांना ठाऊक असते. पृथ्वीच्या चुंबकाचे वेध पूर्वी मुंबईत कुलाब्याला घेत. पुढे मुंबईत विजेची ट्राम आणायचे ठरले. घोडे जाऊन वीज येणार याचा साऱ्या शहराला आनंद. पण वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांना काळजी पडली. ट्रामच्या विजेने त्यांची उपकरणे बहकणार होती. म्हणून विजेच्या गजबजाटापासून दूर, खाडीपलीकडे अलिबागला नवी वेधशाळा बांधली. इमारतीत लोखंड वापरायचे नाही असा दंडक. दगड पोरबंदरचा, कड्याबिजागऱ्या पितळ-तांब्याच्या. १९०४ ते १९०६ अशी दोन वर्षे कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकदम वेध घेतले, दोन्हींचा मेळ बसवला आणि मगच कुलाब्याचे काम थांबवले. १९०७ साली मुंबईत विजेची ट्राम धावू लागली. अलिबागचे वेध आजही चालू आहेत.

माणसांनी आपल्या सुईची किती काळजी घेतली पाहा! तिला गोंगाट सोसवणार नाही म्हणून घर बदलले, दगड लांबून आणला, खिळासुद्धा लोखंडाचा ठोकला नाही. पाखराच्या डोळ्यातल्या सुईसाठी असे घर कोण बांधणार? तिला असा काही गोंगाट लागतो, हेच मुळी आपल्याला २०१४पर्यंत नीटसे माहीत नव्हते.

या साऱ्या गोष्टी मी वेळोवेळी तांडेलांना सांगत असे. संध्याकाळी ते वाळूत जाळे विणीत बसतात आणि मी शेजारी बसतो. त्यांच्या वयाला आता दर्यावर जाणे होत नाही. मुलगा जातो, आणि त्याच्या होडीवर पडद्यावर ठिपका दाखवणारे यंत्र आहे. अलिबागच्या पितळी बिजागऱ्यांची हकीकत त्यांना मनापासून पटली. म्हणाले, "होक्याच्या बाजूला कोयता ठेवलेला मी कधी खपवून घेतला नाय. पोरगा आपला असो, नायतर दुसऱ्याचा."

यंदा त्या मुलीची बारावी झाली. तिला पुण्याला जाऊन शिकायचे होते. घरात कोणी एवढ्या लांब शिकायला गेलेले नव्हते. मुलगी तर नाहीच. आईने डोळ्यांना पदर लावला, बाप गप्प बसला, चुलत्यांनी स्थळ सुचवले. निर्णय साहजिकच तांडेलांवर आला, आणि ते माझ्याकडे आले. "गुरुजी," ते म्हणाले, "दिशा कुनी पन सांगंल. उद्या तिला होका देईन, माझा पडूनच हाय. पन होक्याने जागा नाय गावत." मग त्यांनी मला समजावले. आपण घरून होका धरून निघतो तो नुसत्या दिशेने. जाळे कुठे टाकायचे ते खुणांवरून ठरते. खांदेरीचा दिवा एका अंगाला घ्यायचा, कनकेश्वराचा डोंगर दुसऱ्या अंगाला, आणि दोघांचा मेळ जिथे पडेल ती जागा. या खुणा त्यांना त्यांच्या बापाने होडीत बसवून दाखवल्या होत्या. "तिला पुन्याच्या खुना कोन दाखवील?"

प्रश्न खरा होता. त्याला उत्तर म्हणून मी त्यांना दुसऱ्या एका प्रयोगाची गोष्ट सांगितली. आपल्या साळुंकीची एक नातलग युरोपात राहते, तिला स्टार्लिंग म्हणतात. बाल्टिक समुद्राकडच्या स्टार्लिंग हिवाळ्यात नैऋत्येला जातात आणि हॉलंडवरून इंग्लंडच्या, उत्तर फ्रान्सच्या बाजूला उतरतात. ए. सी. पर्डेक नावाच्या डच पक्षीशास्त्रज्ञाने वाटेतच, द हेग शहराजवळ पकडलेल्या ११,०००हून अधिक स्टार्लिंगांचा अभ्यास केला. त्यांच्या पायांत कडी घातली होती, आणि विमानाने स्वित्झर्लंडला नेऊन त्यांना तिथे सोडले होते. १९५८ साली त्यांनी निष्कर्ष छापला. ज्या पाखरांनी आधी एकदा तरी हा प्रवास केला होता, त्यांनी आपली वाट बदलली. वायव्येकडे वळून ती आपल्या नेहमीच्या हिवाळी मुलखाच्या रोखाने गेली. पहिल्यांदाच निघालेली कोवळी पाखरे मात्र होती तीच दिशा धरून सरळ उडत गेली आणि दक्षिण फ्रान्स-स्पेनला पोचली. दिशा अगदी अचूक होती. जागा मात्र भलतीच.

तांडेलांचा हात जाळ्यावर थांबला. "मेली का ती पोरं?" त्यांनी विचारले.

"नाही. तिकडेच हिवाळा काढला. आणि पुढच्या वर्षांच्या हिवाळ्यात त्यांतली काही पुन्हा तिथेच सापडली. ती जागा आता त्यांची झाली होती."

तांडेल बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे चुकली, पन बुडाली नायत."

मला वाटते, या एका वाक्यात पर्डेकचा सारा प्रयोग आला. जन्माबरोबर मिळते ती दिशा; जागा मिळत नाही. ती एकदा जाऊन आल्यावरच कळते. जुन्या पाखरांपाशी जे शहाणपण होते, ते त्यांना कोणी सांगून आलेले नव्हते. तीही कधीतरी पहिल्यांदा निघालीच होती. पिल्लाला निघूच दिले नाही, तर ते चुकणार नाही हे खरे. पण मग ते जुने-जाणतेही कधी होणार नाही.

जाता जाता मी तांडेलांना आणखी एक गोष्ट सांगितली. अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात कस्तुराच्या कुळातली काही पाखरे वसंतात उत्तरेकडे निघतात. बिल कॉक्रन, हेन्रिक मॉरिट्सन आणि मार्टिन विकेल्स्की यांनी त्यांच्या पाठीवर बारीक रेडिओ बसवले, आणि सूर्य मावळण्याच्या वेळी त्यांना फिरवलेल्या चुंबकात ठेवले. अंधार पडल्यावर मोकळी सोडली तेव्हा ती भलत्याच दिशेला, पश्चिमेकडे उडाली. हे लोक रात्रभर मोटारीतून त्यांच्या मागे. पण पुढच्या प्रवासाच्या रात्री तीच पाखरे आपण होऊन उत्तरेला वळली. कारण मधल्या संध्याकाळी त्यांनी सूर्य मावळताना पाहिला आणि आपला होका त्याच्याशी ताडून घेतला. २००४ साली हे प्रसिद्ध झाले. आपल्याकडे दिवेलागण होते त्या वेळी ती पाखरे दिशा जुळवून घेतात. उपजत आहे म्हणून होक्यावर डोळे मिटून भरवसा टाकीत नाहीत.

"आमी पन ध्रुव दिसला की होका ताडून घ्यायचो," तांडेल म्हणाले, आणि उठून घरी गेले. दुसऱ्या दिवशी कळले, की मुलीला पुण्याला पाठवायचे ठरले. स्टार्लिंगांनी काम केले की ध्रुवाने, की नातीच्या डोळ्यांतल्या पाण्याने, ते मी विचारले नाही. घरातल्या एकदोघांनी कुरकुर केली. तेव्हा तांडेलांनी एवढेच सांगितले, की पोरीच्या होक्याजवळ कोणी कोयता आणू नका. घरच्यांना त्याचा अर्थ कितपत कळला कोण जाणे. पण कुरकुर थांबली.

मला मात्र ते वाक्य पुरेपूर कळले. मी मास्तर आहे; वीस वर्षे मुलांना वाट दाखवतो आहे, अशी माझी समजूत. पण या पाखरांच्या नादी लागल्यापासून माझ्या कामाची मांडणी मी थोडी बदलली आहे. मुलांना दिशा मी देत नाही. ती बहुतेकांपाशी असते, आणि पहिल्या उडीतच दिसते. त्यांची जागाही मी दाखवू शकत नाही, कारण ती मी पाहिलेलीच नाही. माझ्या हाती उरते ते ओल्डेनबुर्गच्या पत्र्याचे आणि अलिबागच्या पितळी खिळ्याचे काम. मूल आपली दिशा पाहत असते तेव्हा आजूबाजूचा गोंगाट थोडा कमी ठेवायचा. तुलनेचा गोंगाट, टक्क्यांचा गोंगाट, 'लोक काय म्हणतील'चा गोंगाट. मोठ्यांना तो ऐकूही येत नाही, इतका तो अंगवळणी पडलेला असतो.

जुलैत ती गेली. तांडेल तिला पोचवायला अलिबागच्या एस.टी. स्टँडपर्यंत आले होते. त्यांनी तिला उपदेश केला नाही. झोप लागली तरी पनवेलला उतरू नको, एवढेच दोनदा सांगितले. पहिल्या महिन्यात ती कोथरूडला म्हणून बसली आणि हडपसरला पोचली. रडत फोन आला. तांडेलांनी तो लांब हातावर धरून ऐकला आणि म्हणाले, "हडपसर कसं हाय ते बघून ये."

गेल्या आठवड्यात तिने मला लांबलचक निरोप पाठवला. वसतिगृहापासून कॉलेजपर्यंत जायच्या तीन वाटा तिला आता पाठ आहेत. एक पावसात पाणी न साचणारी, एक संध्याकाळी दिव्यांची, आणि तिसरी एका जुन्या वाड्याच्या बोळातून जाणारी. ही तिसरी मोबाईलच्या नकाशातही दाखवत नाही. ती तिची तिने शोधून काढली. दिवाळीच्या सुट्टीला ती येते आहे, तेव्हा बोळाचे चित्र काढून आणणार आहे.

मी तो निरोप तांडेलांना वाचून दाखवला. त्यांनी तो पुन्हा वाचायला लावला. तिसऱ्या वाटेपाशी मला थांबवून विचारले, "नकाशात नाय ना?"

"नाही."

"मग लिहून ठेवा, गुरुजी. मागनं येनाऱ्या पोरांना लागंल."